तागालोगमधील ‘उम’ गटाची क्रियापदे कशी चालवावीत

‘तो जेवला’, ‘ती जेवली’, ‘आम्ही जेवलो’ या तीन वाक्यांत मराठी क्रियापद तीन रूपे घेते. फिलिपिन्समधील तागालोग भाषेत मात्र तिन्ही ठिकाणी ‘कुमाइन’ हे एकच रूप चालते. त्या भाषेत क्रियापदाला लिंग, वचन आणि पुरुष यांचे बंधन नाही. रूप बदलते ते क्रिया कोणत्या अवस्थेत आहे आणि वाक्यातील कोणत्या घटकाला प्राधान्य आहे यांनुसार. कर्त्याला प्राधान्य देणाऱ्या क्रियापदांचे जे प्रमुख गट आहेत, त्यांपैकी ‘उम’ गटापासून आरंभ करणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण रोजच्या बोलण्यातील खाणे, पिणे, जाणे, निघणे, विकत घेणे या क्रिया याच गटात येतात आणि त्यांची सर्व रूपे केवळ दोन कृतींनी सिद्ध होतात.

पहिली कृती द्वित्वाची आहे. धातूचे पहिले व्यंजन आणि त्यानंतरचा स्वर एवढाच भाग पुन्हा उच्चारून तो धातूच्या आधी ठेवावा. ‘काइन’ म्हणजे खाणे. त्याचे द्वित्व ‘काकाइन’. ‘पुन्ता’ म्हणजे जाणे. त्याचे ‘पुपुन्ता’ होते, ‘पुन्पुन्ता’ नव्हे, कारण स्वरानंतरचे व्यंजन या पुनरुक्तीत येत नाही. संस्कृतात ‘दा’ धातूचे ‘ददाति’ होताना धातूचा आरंभ जसा दुहेरी होतो, तसाच हा प्रकार असल्याने संस्कृत शिकलेल्या वाचकाला तो परका वाटणार नाही.

दुसरी कृती ‘उम’ हा प्रत्यय घालण्याची. हा प्रत्यय शब्दाच्या आधी किंवा शेवटी न लागता पहिल्या व्यंजनाच्या लगेच नंतर, म्हणजे शब्दाच्या पोटात शिरतो. ‘काइन’मधील क् आणि आ यांच्यामध्ये तो बसला की ‘कुमाइन’ तयार होते. ‘बिली’ (विकत घेणे) पासून ‘बुमिली’ आणि ‘पुन्ता’पासून ‘पुमुन्ता’ होते.

आता या दोन कृतींचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण तो समजला की तक्ते पाठ करण्याची गरज उरत नाही. ‘उम’ सांगतो की क्रियेला आरंभ झालेला आहे; द्वित्व सांगते की ती अजून पूर्ण झालेली नाही. म्हणून पूर्ण झालेल्या क्रियेसाठी फक्त ‘उम’ लागतो: ‘कुमाइन आको’ म्हणजे ‘मी जेवलो’ किंवा ‘मी जेवले’. अजून सुरू न झालेल्या क्रियेसाठी फक्त द्वित्व होते: ‘काकाइन आको’ म्हणजे ‘मी जेवणार आहे’. सुरू झालेल्या पण न संपलेल्या क्रियेसाठी दोन्ही लागतात: ‘कुमाकाइन आको’, म्हणजे ‘मी जेवत आहे’. या शेवटच्या रूपात आधी द्वित्व करावे आणि मगच ‘उम’ घालावा. क्रम उलटा केला तर ‘कुकुमाइन’ असे अशुद्ध रूप हाती येते, आणि नवख्या विद्यार्थ्याची चूक बहुधा इथेच होते.

या तर्कात एक अपवाद आहे आणि तो आरंभीच सांगितलेला बरा. आज्ञेसाठी आणि ‘खाणे’ अशा मूळ रूपासाठीही ‘कुमाइन’च वापरतात, जरी तेथे क्रिया सुरू झालेली नसते. ‘कुमाइन का’ म्हणजे ‘तू जेव’. आदराने बोलायचे असल्यास ‘कुमाइन पो कायो’, म्हणजे ‘आपण जेवा’.

ही रूपे काळाची नसून अवस्थेची आहेत, हेही विसरू नये. ‘कुमाकाइन आको नाङ दुमातिङ सिया’ याचा अर्थ ‘तो आला तेव्हा मी जेवत होतो’ असा होतो. ‘आहे’ आणि ‘होतो’ हा मराठीतील भेद येथे क्रियापदातून नव्हे, तर संदर्भातून कळतो. म्हणून सराव करताना ‘काहापोन’ (काल), ‘ङायोन’ (आता) आणि ‘बुकास’ (उद्या) हे शब्द वाक्यात जोडावेत.

स्वराने सुरू होणाऱ्या धातूंत ‘उम’ अर्थातच आरंभी येतो. ‘आलिस’ (निघणे) याची पूर्ण, चालू आणि अनारब्ध रूपे अनुक्रमे ‘उमालिस’, ‘उमाआलिस’ आणि ‘आआलिस’; ‘इनोम’ (पिणे) याची ‘उमिनोम’, ‘उमिइनोम’ आणि ‘इइनोम’. या जोडस्वरांचा उच्चार एकच दीर्घ स्वर म्हणून करू नये. दोन्ही स्वरांच्या मध्ये कंठात क्षणभर अडथळा येतो, आणि तो गाळला तर ऐकणाऱ्याला ‘उमाआलिस’ आणि ‘उमालिस’ यांतील फरक जाणवणार नाही. ‘द’ने सुरू होणाऱ्या ‘दातिङ’ (येऊन पोहोचणे) या धातूत द्वित्वानंतर दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘द’चा ‘र’ होतो: ‘दुमातिङ’, ‘दुमारातिङ’, ‘दारातिङ’. बोलताना अनेक जण ‘दादातिङ’ असेही म्हणतात. ‘ङिति’ (स्मित करणे) हा धातू मात्र मराठी माणसाला विशेष आवडावा असा आहे, कारण आपल्या वर्णमालेत असूनही शब्दाच्या आरंभी कधीच न येणारा ङ तेथे पहिल्याच जागी येतो: ‘ङुमिति’, ‘ङुमिङिति’, ‘ङिङिति’. रोमन लिपीत हा वर्ण दोन अक्षरांनी लिहिला जातो. पण तो एकच ध्वनी असल्याने ‘उम’ त्या दोन अक्षरांच्या मध्ये कधीही घालू नये.

नकारासाठी ‘हिन्दि’ आधी येते आणि सर्वनाम त्याच्यामागे सरकते: ‘हिन्दि आको कुमाइन’, म्हणजे ‘मी जेवलो नाही’. क्रियापदाचे रूप बदलत नाही.

कोणता धातू ‘उम’ घेतो हे सांगणारा पक्का नियम नाही, आणि तोच धातू ‘माग’ हा उपसर्ग घेऊन वेगळ्या अर्थाने येऊ शकतो. ‘लाबास’पासून ‘लुमाबास’ म्हणजे बाहेर जाणे, तर ‘मागलाबास’ म्हणजे बाहेर काढणे; ‘पासोक’पासून ‘पुमासोक’ म्हणजे आत जाणे, तर ‘मागपासोक’ म्हणजे आत आणणे. त्यामुळे वहीत नुसता धातू उतरवून ठेवू नये. प्रत्येक धातूसमोर त्याची तिन्ही रूपे आणि प्रत्येक रूपाचे एक छोटे वाक्य लिहावे, आणि ती वाक्ये मोठ्याने म्हणावीत.