जपानी-कोरियन शिकायला निघालात? आधी या चुका टाळा

दर जूनमध्ये नवी बॅच येते आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी वही उघडून दाखवतं. सगळे जपानी शब्द देवनागरीत! वर लाडिकपणे विनंती, "मॅडम, आधी बोलाले शिकवा ना, लिपीचं मंग पाहू." या 'मंग पाहू'ने जेवढी पोरं अडकलेली मी पाहिली, तेवढी व्याकरणाने अडकलेली पाहिली नाहीत.

मोह पडतो हे खरं. जपानी उच्चार देवनागरीत बरेचसे बसतात. हिरागाना या जपानी मूळ लिपीच्या तक्त्याचा क्रमही ओळखीचा निघतो. आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्खूंबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम आला. पण जपानीत स्वराच्या लांबीने अर्थ बदलतो, आणि देवनागरीत 'ओ' आखूड की लांब हे दाखवायची सोयच नाही. 'तोक्यो'मधले दोन्ही 'ओ' लांब आहेत, वहीत ते कुठे दिसतात? त्यात बोलताना आपण इ-ई, उ-ऊ यांतला फरकही फारसा पाळत नाही. वहीतली चूक तोंडात बसते आणि मग तिथून हलत नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा माझ्याकडे होता. अतिशय हुशार. ॲनिमे पाहून कान तयार झालेला, बोलायला धीट. वही मात्र शेवटपर्यंत देवनागरीत. डिसेंबरच्या जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला, त्याने एन-फोरचा, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीचा, फॉर्म भरला. त्या पेपरात ना देवनागरी असते ना रोमन. उताऱ्यावर बोट ठेवून तो एकेक अक्षर जुळवत बसला. कताकानातला (परकीय शब्दांसाठीच्या दुसऱ्या लिपीतला) 'शि' कोणता आणि 'त्सु' कोणता, हे पुन्हा पुन्हा पाहूनही ठरेना. शेवटचे प्रश्न न वाचताच गोल काळे केले. निकाल आला तेव्हा ऐकण्यात उत्तम गुण होते आणि एकूण बेरीज 90च्या वर गेली होती, तरी नापास. कारण 180 पैकी 90 मिळून भागत नाही. भाषाज्ञान आणि वाचन मिळून 120 पैकी किमान 38, आणि ऐकण्यात 60 पैकी किमान 19 वेगळे लागतात. हे नियम त्याने निकालानंतर वाचले. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे अर्धं वर्ष गेलं.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन लहान मुलांची चौकटीची वही आणा. हिरागाना 46, कताकाना 46. रोज पाच अक्षरं, हाताने, रेघांच्या ठरलेल्या क्रमाने. 'शि'ची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु'ची वरून खाली येते. हाताला हे एकदा कळलं की डोळा चुकत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून माझ्या वर्गात फळ्यावरही देवनागरी नसते. ॲप वापरा, माझी हरकत नाही, पण बोट फिरवून अक्षर ओळखणं आणि कोऱ्या चौकटीत ते काढणं यात फार अंतर आहे.

कोरियनवाल्यांची घाई वेगळी. हंगुल ही कोरियन लिपी आठवड्यात वाचता येते आणि लगेच टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेचा फॉर्म भरला जातो. त्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा अर्ज करायचं वर्ष ठरवूनच बसा. चिनी शिकणाऱ्यांनी सूर सोडून शब्द पाठ करू नयेत. तैवानला जायचं असेल तर पारंपरिक अक्षरं पहिल्यापासून धरा.

दुसरी मोठी चूक कागदपत्रांची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. एका मुलीला कोरियात प्रवेश मिळाला होता. तिच्या पदवीवर आडनावात 'व्ही', पासपोर्टवर 'डब्ल्यू'. दुरुस्तीशिवाय पुढे काही हलेना. आधी प्रतिज्ञापत्र, मग पदवीची दुरुस्ती, मग राज्य सरकारचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनची मोहोर. भर मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, आईला मागे बसवून ती स्कूटीवर या कचेरीतून त्या कचेरीत फिरली. सत्र हुकलंच. म्हणून माझ्या वर्गात प्रवेश देतानाच मी मुलांना दहावी, बारावी, पदवी आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडायला लावते आणि नावातलं एकेक अक्षर बोट ठेवून तपासायला सांगते. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीचे दूतावासामार्फतचे अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये निघतात. कागद त्याआधी हातात हवेत.

"पार्टटाइममधून सगळी फी निघते" म्हणणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका. जपानमध्ये विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं, सुट्ट्या सोडल्या तर त्याहून जास्त नाही. फी, भाडं आणि जेवणाचा हिशोब जाण्याआधी कागदावर मांडा.

आणि संस्कृती. मुलाखतीत "जपानच का?" विचारलं की दहातली आठ पोरं ॲनिमे सांगतात. ॲनिमे वाईट नाही, पण तेवढ्यावर अभ्यासाचा आराखडा उभा राहत नाही. तुम्ही ज्या शहरातून अर्ज करताय, तिथे 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर इतिहास घडला. मूळचे जपानचे भदंत सुरई ससाई यांनी हीच कर्मभूमी मानली. जवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर 1999 मध्ये जपानी सहकार्याने उभं राहिलं. विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे. आशियाच्या अभ्यासाला एवढं भांडवल किती शहरांकडे असेल? तरी कामठीला सेल्फी काढून परत येणारेच जास्त. माझ्या वर्गातल्या मुलांनी तिथे एक अख्खी सकाळ काढावी, तिथल्या लोकांशी बोलावं आणि घरी येऊन पानभर लिहावं, असा माझा आग्रह असतो. आधी मराठीत, मग जमेल तेवढं जपानीत. अर्जातल्या आराखड्याचा पहिला परिच्छेद बहुतेकांना त्याच पानातून मिळतो.