मुरुमांवर कोणती ट्यूब, आणि ती लावायची कशी

ट्यूब टक्केवारी किंवा किंमत बघून निवडायची नसते, मुरुम बघून निवडायची असते. कपाळावर, नाकाशेजारी बारीक, न दुखणारे काळे-पांढरे कण असतील तर अ‍ॅडापॅलीन 0.1 टक्के जेल. लाल, दुखरे, पू धरलेले असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. बहुतेकांना दोन्ही असतात, मग औषधंही दोन्ही लागतात. फक्त एकाच दिवशी सुरू करू नका, आग कशानं झाली ते कळत नाही. मुरुम बसून काळे डाग उरले असतील तर अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड. गरोदरपणात अ‍ॅडापॅलीन बंद, तेव्हाही डॉक्टर सहसा अ‍ॅझेलाइकच देतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश नुसता जोडीला. लिंबू आणि टूथपेस्ट स्वयंपाकघरात आणि मोरीवरच राहू द्या.

बेंझॉइल सकाळी, पातळ थर. 10 टक्केवाली ट्यूब चौपट गुणकारी नसते. काम जवळपास 2.5 एवढंच करते, सालटी मात्र जास्त काढते. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा घ्या. रंगीत कापडावर पडलेला डाग निघत नाही, कारण तो डाग नसतो, रंगच उडालेला असतो. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटं लावू नका, जंतू त्याला सरावतात. ते बेंझॉइलच्या जोडीनंच.

आता अ‍ॅडापॅलीन. दहातले आठ जण इथेच हरतात असं म्हटलं तरी चालेल, आणि हरतात ते घाईनं. रात्री चेहरा धुवा, टिपा आणि वीस मिनिटं थांबा. ओलसर कातडीत औषध जास्त मुरतं आणि आग होते. मटाराच्या दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पुरतं. त्याचे पाच ठिपके देऊन पसरा. नुसत्या मुरुमावर टिकली लावण्यात अर्थ नाही, कारण हे औषध पुढच्या महिन्यात येणारे मुरुम अडवतं. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यांत अजिबात नको.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन एक दिवसाआड, मग सोसलं तर रोज. कातडी नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुरुम वाढल्यासारखे दिसतात. आत दबलेले वर येतात, एवढंच. इथे ट्यूब फेकणारा माणूस महिनाभर सोसलेलंही फुकट घालवतो. थोडी सालटी, कोरडेपणा चालेल. सूज, फोड किंवा रात्रभर आग झाली तर बंद. निकाल 12 आठवड्यांनी, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी काढलेल्या फोटोंवरून. दिवसा सनस्क्रीन हवंच, इंदूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

मेडिकलवाल्यानं ‘आठ दिवसांत साफ’ म्हणून दिलेल्या क्रीमची मागची बाजू वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. लालपणा खरंच पटकन जातो, आणि क्रीम सोडली की मुरुम दुपटीनं येतात. चालूच ठेवली तर कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसतात, बायकांना चेहऱ्यावर केस येतात. लग्न ठरलेल्या मुलीला हौसेनं ‘गोरं करणारी’ ट्यूब आणून देणाऱ्या मावशी-काकूंनी हे आधी वाचावं.

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, जाणार असाल तर अ‍ॅडापॅलीन चार-पाच दिवस आधी थांबवा. सोललेल्या कातडीला गुलालही झोंबतो. घरचे खोबरेल चोपडायला सांगतील, पण त्यानं छिद्रं बुजतात. बिनतेलाचं मॉइश्चरायझर जाड लावा, रंग घासून काढू नका, आणि लाली गेल्यावर दोन-तीन दिवसांनी जेल पुन्हा एक दिवसाआड धरा.

हनुवटीखाली बोटाला लागणाऱ्या खोल गाठी असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर 12 आठवडे वाट बघू नका. तिथवर कुठलीच ट्यूब पोचत नाही, पोटातून औषध लागतं. थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.