लॉकडाऊनमध्ये कोल्हापूरची हवा किती सुधारली? आलेख काढायच्या आधी या चुका टाळा

कॉलेजच्या प्रोजेक्टला म्हणा नाहीतर ग्रुपवर वाद घालायला म्हणा, लॉकडाऊनमधल्या हवेचे आलेख अजून फिरतायत, आणि बऱ्याच आलेखांत घोळ एकच असतो. डावीकडं जानेवारी २०२०, उजवीकडं एप्रिल २०२०, आणि मधला सगळा फरक लॉकडाऊनच्या खात्यावर. अहो, एप्रिलमध्ये हवा तशीही सुधारते. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जातच नाही, धूर-धूळ तिथंच कोंडून बसते, आणि उन्हाळ्यात जमीन तापली की तीच हवा वरपर्यंत मिसळते, वारं सुटतं, त्यात एखादा वळीव झाला की उरलीसुरली धूळ पण खाली. त्यामुळं एप्रिल २०२० ची तुलना आधीच्या दोन-तीन वर्षांच्या एप्रिलशीच करा, जमलं तर तारखा पण सेम ठेवा, म्हणजे २५ मार्च ते ३ मे.

आता आपल्याकडं यात अजून एक गुंता आहे जो दिल्ली-मुंबईवरचे लेख वाचून कळणार नाही, तो म्हणजे ऊस. दिवाळीच्या आगंमागं कारखान्यांच्या चिमण्या पेटतात, गुऱ्हाळं सुरू होतात, तोड झाली की शेतात पाचट पेटवतात (तिथं तर खऱ्या अर्थानं जाळ आन् धूर संगटच), आणि मार्च-एप्रिलपर्यंत हे सगळं आवरत येतं. म्हणजे हंगाम संपायची वेळ आणि लॉकडाऊन लागायची वेळ जवळपास एकच. धूर कमी दिसला तर तो गाड्या थांबल्या म्हणून, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (धातू वितळवून ओतायचे कारखाने) थंड पडल्या म्हणून, का हंगामच आटोपला म्हणून, हे नुसत्या बेरीज-वजाबाकीतनं निघत नाही. वर ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठचा ऊस कुजला, मराठवाड्यात दुष्काळ होता, राज्याचं साखर उत्पादन २०१८-१९ च्या १०७ लाख टनांवरून २०१९-२० मध्ये ६२ लाख टनांच्या आसपास आलं. सांगायचा मुद्दा, तो हंगामच नेहमीसारखा नव्हता, म्हणून फक्त २०१९ शी तुलना करून थांबू नका, २०१८ आणि २०१७ पण घ्या.

दुसरी चूक, "प्रदूषण इतके टक्के घटलं" असं एकच वाक्य. कुठलं प्रदूषण ते सांगा की. नायट्रोजन डायऑक्साईड मुख्यतः गाड्यांच्या इंजिनातनं येतो आणि दिवसा हवेत काही तासच टिकतो, म्हणून रस्ते रिकामे झाल्यावर जगभरातल्या शहरांत तो पटकन खाली आला. पीएम २.५ चं तसं नाही, ते बारीक कण काही दिवस हवेत राहतात, लांबून पण येतात, आणि काही तर हवेतच वायूंपासून तयार होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये बीजिंगमध्ये सगळं बंद असताना दाट धुरकं पडलं होतं, वारं नव्हतं, दमट हवा होती, झालं. ओझोन तर बऱ्याच शहरांत उलटा वाढला, कारण गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साईड ओझोनला खाऊन टाकतो आणि तोच गायब झाला. तेव्हा तुमच्या तक्त्यात ओझोन चढलेला दिसला तर फाईल बिघडली असं समजून तो कॉलम डिलीट करू नका, आधी त्याच दिवसांचा नायट्रोजनच्या ऑक्साईडांचा आकडा बघा.

एक्यूआयचा, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा, पण हाच लोचा. आपल्या देशाचा एक्यूआय ही सगळ्यांची सरासरी नसते, ज्या प्रदूषकाचा निर्देशांक सगळ्यात वाईट तोच त्या दिवसाचा एक्यूआय. एक कमी होऊन दुसरा वर गेला तर एक्यूआय फारसा हलणारच नाही, आणि मग लोक म्हणणार काय फरक पडला नाही.

उपग्रहाचे लाल-निळे नकाशे दिसायला भारी, पण सेंटिनेल-५पी सारखा उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या थरातला वायू मोजतो, महाद्वार रोडवर नाकात काय जातंय ते नव्हे. आणि कार्बन डायऑक्साईड यात मिसळूच नका. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी घटलं होतं, तरी मे २०२० मध्ये हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत हवेतलं प्रमाण ४१७ पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ४१७ भाग) गेलं, तोवरचं सगळ्यात जास्त. हा वायू वर्षानुवर्षं साठत जातो, महिना-दोन महिन्यांच्या बंदनं त्याला काही होत नाही.

शेवटचं, आणि इथंच जास्त प्रोजेक्ट फसतात. दाभोळकर कॉर्नर, महाद्वार रोड, शिवाजी विद्यापीठ इथली हवा मोजायची जुनी केंद्रं हातानं नमुना घ्यायची आहेत, आठवड्यातनं दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस असा हिशोब. त्यावरनं तासागणिक आलेख निघत नाही, निघालेला दिसला तर तो कुठनंतरी दुसरीकडनं उचललाय असं समजा. २५ मार्च ते ३ मे मध्ये सगळं वेळेवर झालं तरी एका केंद्राचे फार तर अकरा-बारा आकडे हातात येणार. त्यात एक दिवस वळिवाचा निघाला की सरासरी घसरली, शेजारी कुणी कचरा पेटवला की चढली. म्हणून रिकाम्या खान्यात शून्य भरू नका, रिकामंच ठेवा, पावसाच्या दिवसापुढं खूण करा, सरासरीसोबत चढत्या क्रमातला मधला आकडा पण द्या, आणि किती दिवसांची नोंद आहे ते आलेखाखालीच लिहून टाका.