चिनी ताऱ्यांची नावं: आकडा कसा वाचायचा

चिनी ताऱ्याचं नाव बहुतेक वेळा दोन भागांचं असतं, आधी तारकागटाचं नाव आणि मग आकडा. 'शेन शिऊ स' म्हणजे शेन नावाच्या चांद्रगृहातला (चंद्राच्या वाटेलगतच्या अठ्ठावीस तारकागटांपैकी एकातला) चार नंबरचा तारा. चाळीचं नाव नि खोली नंबर, तसंच. पाश्चात्त्य अल्फा-बीटा ढोबळमानाने तेजाच्या उतरत्या क्रमाने लावलेले आहेत. चिनी आकड्याचा तेजाशी संबंध नाही, आणि नवख्यांचा घोळ इथेच होतो.

सुरुवात मृगापासून करा, शेन गृहाचे तारे त्यातच आहेत. मुंबईच्या उजळलेल्या आकाशातही त्याचे सात ठळक तारे दिसतात. फेब्रुवारीत रात्री आठ-नऊच्या दरम्यान गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि मान बरीच वर करा. मधले तीन, म्हणजे व्याधाचा बाण, डावीकडून एक, दोन, तीन. मग वर डावीकडे तांबूस काक्षी, चार. वर उजवीकडे पाच, खाली डावीकडे सहा, खाली उजवीकडे राजन्य, सात. आधी मधली, मग वरची, मग खालची ओळ, आणि प्रत्येक ओळ पानावरच्यासारखी डावीकडून वाचायची, असा हा क्रम आहे. गटातला सगळ्यात तेजस्वी राजन्य शेवटी येतो, ते यामुळेच.

आता रोहिणी. तिचं चिनी नाव 'बी शिऊ वू', म्हणजे पाच नंबर. मग एक नंबर कोण? रोहिणीच्या व्ही आकाराचं एक टोक स्वतः रोहिणी, तर दुसऱ्या टोकाचा 3.5 प्रतीचा फिकट तारा हा बीचा एक नंबर. दोघांत जेमतेम तीन अंशांचं अंतर आहे, त्यामुळे 10×50 च्या द्विनेत्रीत दोन्ही एकदम मावतात. नुसत्या डोळ्यांनी शहरातून तो शोधत बसू नका. फिकट असूनही त्याला पहिला मान मिळाला, कारण त्या गृहाची मोजणी त्याच्यापासून सुरू होते. हा मापाचा तारा बहुतेक गृहांत एक नंबरचा असतो. ज्येष्ठाही त्यामुळे शिन गृहात दोन नंबरवर आहे.

अठ्ठावीस चांद्रगृहं म्हणजे आपलीच नक्षत्रं, असं धरून चालू नका. आपली सत्तावीस प्रत्येकी 13 अंश 20 कलांची. चिनी गृहांची रुंदी मात्र मापाच्या ताऱ्यांवर ठरते, म्हणून एखादं जेमतेम 2 अंशांचं, तर एखादं 33 अंशांचं. माओ म्हणजे कृत्तिका किंवा जिआओचा पहिला तारा म्हणजे चित्रा, अशा जोड्या लागतात. पण सगळी यादी ओढूनताणून जुळवण्यात अर्थ नाही.

नावात आकडाच नसेल तर गट बहुधा एकाच ताऱ्याचा असतो. व्याध म्हणजे तियानलांग, आकाशातला लांडगा. अगस्ती म्हणजे लाओरेन, म्हातारबाबा. बीजिंगहून तो क्षितिजावर येतच नाही. मुंबईहून मात्र फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेला 18 अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून दोन मुठींहून जरा खाली. त्या दिशेला टॉवर नसलेली गच्ची निवडा.

आकड्याआधी 'त्सङ' आलं, तर तो मूळ गटातला तारा नव्हे, मागाहून जोडलेला. जुन्या यादीत 283 गट आणि 1464 तारे होते. 1752 सालच्या यादीत ते 300 आणि 3083 झाले. ही भर बहुतेक फिकट ताऱ्यांची आहे, तेव्हा गच्चीवर त्सङच्या नादी लागू नका. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत चिनी आकाश निवडून ते घरी बसून पाहावेत.