लिटिगेशन असोसिएट म्हणून लॉ फर्म निवडताय? या चुका टाळा

हातात दोन ऑफर आहेत. एक फोर्टमधल्या जुन्या सॉलिसिटर फर्मची, दुसरी लोअर परळच्या काचेच्या इमारतीतल्या मोठ्या फर्मच्या ‘डिस्प्युट्स’ टीमची. सोमवारपर्यंत कळवायचंय. सनद मिळून दोन-तीन वर्षं झालेली मुलं-मुली अशा वेळी फोन करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “सर, यातली मोठी कुठली?” लिटिगेशन, म्हणजे कोर्टातलं काम, करायचं असेल तर हा प्रश्न बाजूला ठेवा. या फर्मकडून कोर्टात उभं कोण राहतं ते शोधा, बाकीचं बरंचसं त्यातून कळतं.

पुढचं सगळं मुंबई डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजीचं गणित वेगळं आहे. तिथे बहुतेक ज्युनिअर एखाद्या सिनिअरच्या ऑफिसातच तयार होतात.

लिटिगेशन टीम म्हणजे युक्तिवाद, असं गृहीत धरणं

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, सॉलिसिटर (मॅटर तयार करणारे) आणि काउन्सेल (कोर्टात युक्तिवाद करणारे) ही विभागणी पूर्वी कायद्यानेच होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती कायद्यातून गेली, कामकाजातून मात्र गेली नाही. आजही फर्म मॅटर उभं करते आणि काउन्सेल ते चालवतात. असोसिएट क्लायंटकडून कागद काढून घेतो, लिस्ट ऑफ डेट्स बनवतो, ड्राफ्ट करतो, काउन्सेलच्या चेंबरमध्ये कॉन्फरन्सला बसतो आणि सुनावणीच्या वेळी मागून पान नंबर पुरवतो. हे काम हलकं समजू नका. ब्रीफिंग नीट नसेल तर भलेभले काउन्सेल जजच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. पण तुम्हाला स्वतः बोलायचं असेल, तर तीन वर्षं पान नंबर पुरवल्यावर ते आपोआप जमू लागेल या भ्रमात राहू नका.

“तुमच्याकडे ज्युनिअरना अपिअर होऊ देतात का?” असं मुलाखतीत विचारलंत तर “हो, अर्थात” हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, “गेल्या दोन महिन्यांत टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर असोसिएटने कुठल्या कोर्टात उभं राहून काय मागितलं?” एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) रिप्लायसाठी मुदत, सिटी सिव्हिल कोर्टात अॅड-इंटरिम (तातडीचा तात्पुरता आदेश), असं काही नेमकं उत्तर आलं तर ठीक. पार्टनर आठवू लागला, तर काय समजायचं ते समजा.

आणि मनातून युक्तिवादच करायचा असेल तर फर्म सोडून काउन्सेलच्या चेंबरचाही विचार करा. पहिली काही वर्षं पैसे कमी मिळतील, कधी अगदीच कमी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. घरभाडं कोण भरणार, याचा विचार आधी करा.

फर्मची वेबसाइट वाचणं आणि कोर्टाचे आदेश न वाचणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, कारण ती टाळायला एक संध्याकाळ आणि फोनवरचं इंटरनेट पुरतं. मुंबई हायकोर्टाचे आदेश वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. आदेशाच्या वरच्या भागात अपिअरन्सच्या ओळी असतात. अमुक सिनिअर अॅडव्होकेट, मग ‘ए/डब्ल्यू’ आणि दोन-तीन नावं, मग ‘आय/बी’ आणि फर्मचं नाव, शेवटी ‘फॉर द पिटिशनर’. ए/डब्ल्यू म्हणजे सोबत कोण, आय/बी म्हणजे इन्स्ट्रक्शन्स कोणाच्या. या दोन ओळींत फर्मबद्दल जे कळतं ते कुठल्याही रँकिंगमध्ये कळत नाही.

आधी तुमची फर्म ज्या मॅटर्समध्ये आहे असे पंचवीस-तीस आदेश जमवा. मोठ्या, पेपरात गाजलेल्या निकालांमागे लागू नका. तिथे सिनिअर असणारच. दोन परिच्छेदांचे किरकोळ आदेश उघडा: रिप्लायसाठी मुदत, कन्सेंट टर्म्स (तडजोडीच्या अटी), ऑफिस ऑब्जेक्शन्स (कोर्टाच्या ऑफिसने दाखवलेल्या त्रुटी) काढायला शेवटची संधी. अशा कामालाही बाहेरचा काउन्सेल उभा असेल, तर त्या फर्मच्या असोसिएटला कोर्टात तोंड उघडायला कधी मिळणार? उलट तिथे सिनिअरचं नावच नसेल आणि फर्ममधल्याच तरुण वकिलाचं असेल, तर ती चांगली खूण.

ए/डब्ल्यूनंतरची नावं फर्मचीच आहेत असं मात्र धरू नका. बऱ्याचदा ते ज्युनिअर काउन्सेल असतात. नाव फर्मच्या वेबसाइटवरच्या टीमच्या यादीशी ताडून बघा. मग दोन वर्षांपूर्वीचे आदेश काढा. तेव्हाची असोसिएट मंडळी आजही दिसतात का? सगळी नावं बदलली असतील तर मुलं तिथे टिकत नाहीत. कारण पगार असेल, पार्टनर असेल, रात्री दोनपर्यंतची कॉन्फरन्स असेल. ते विचारून काढावं लागेल, पण काय विचारायचं हे तरी कळलं.

एक-दोन आदेशांवरून निष्कर्ष काढू नका. नाव नोंदवायला द्यायचं राहिलं तर ते येत नाही, कधी स्पेलिंगच चुकतं. पंचवीस आदेशांत सारखं दिसतं ते खरं धरा.

अपिअरन्सला आणखी एका कारणाने किंमत आली आहे. सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनच्या परीक्षेला किमान तीन वर्षांची प्रॅक्टिस हवी, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये पुन्हा ठरवलं. प्रॅक्टिस तात्पुरत्या सनदेपासून धरायची आहे आणि तिचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ही परीक्षा डोक्यात असेल तर तुमचं नाव कुठल्याच आदेशात नाही अशी तीन वर्षं घालवू नका. आणि फॉर्म भरताना नियम ताजे बघून घ्या.

दोन पॅकेजेसची नुसत्या आकड्यांवरून तुलना

पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम ४९. म्हणून बहुतेक फर्म पगाराऐवजी रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली व्यावसायिक फी, देतात. त्यावर १० टक्के टीडीएस कापला जातो. महिना ७५,००० ठरले तर खात्यात येणार ६७,५००. घाबरू नका. व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. वर्षाला ९ लाख जमा असतील तर उत्पन्न साडेचार लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर सध्याच्या नव्या करप्रणालीत रिबेटमुळे यावर कर शून्य होतो आणि कापलेले ९०,००० रिटर्न भरल्यावर परत मिळतात. हे माहीत नसलेला असोसिएट दरवर्षी एखादा तरी भेटतोच, आणि तो इनसॉल्व्हन्सी कोड तोंडपाठ असलेला असतो! महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० स्वतःच भरावे लागतात, तेही धरा.

मात्र रिटेनरवर असल्याने पीएफ, ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा कायद्याने आपोआप मिळेल असं मानू नका. पत्रात लिहिलंय का ते बघा, नसेल तर ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ‘बोनस परफॉर्मन्सवर’ असं असेल तर गेल्या वर्षी तुमच्या बॅचला खरोखर किती मिळाला, हे तिथल्याच कुणाला तरी विचारा. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे की एकाचा, तेही आधीच वाचा.

कुठलं कोर्ट, हे न विचारणं

‘आम्ही फक्त हायकोर्ट आणि आर्बिट्रेशन (लवाद) करतो’ हे ऐकायला भारी वाटतं. पण सिटी सिव्हिल कोर्टात चालणाऱ्या दाव्याच्या रकमेची मर्यादा २०१२ मध्ये १ कोटी झाली होती, ती २०२४ पासून १० कोटी झाली. म्हणजे पूर्वी जे दावे ओरिजिनल साइडवर दाखल झाले असते त्यातले कितीतरी आता सिटी सिव्हिलमध्ये जातात. साक्षीदार तपासायला, उलटतपासणी करायला ज्युनिअरला संधी मिळते ती तिथे, किंवा धोबीतलावच्या स्मॉल कॉझेस कोर्टात भाडेकरूंच्या दाव्यात. ओरिजिनल साइडवरचे दावे पुराव्यापर्यंत पोचायला वर्षं जातात. ज्या फर्मला सिटी सिव्हिलचं काम कमीपणाचं वाटतं, तिथे पाच वर्षं काढूनही तुम्ही एकही साक्षीदार तपासलेला नसेल, अशी दाट शक्यता आहे.

फर्म बघणं, पार्टनर न बघणं

तुम्ही काम फर्मखाली करणार नाही, एका पार्टनरखाली करणार आहात. तो कसा ड्राफ्ट सुधारतो? लाल रेघा मारून, का सुधारतोय ते सांगतो, की स्वतःच नव्याने लिहून टाकतो? आणि तो फर्ममध्ये राहणार आहे का? अमरचंद मंगलदाससारखी शंभरीच्या जवळ आलेली फर्मही २०१५ मध्ये शार्दूल अमरचंद आणि सिरिल अमरचंद अशी विभागली गेली. एखादा पार्टनर टीम घेऊन बाहेर पडणं तर नेहमीचंच. विचारा की तो गेला तर तुम्ही कुठे.

हे सगळं कळायला दोन माणसं उपयोगी: टीम सोडून गेलेला असोसिएट आणि फर्मचा कोर्ट क्लार्क. क्लार्कशी फायलिंग काउंटरवर ओळख निघतेच. असोसिएट स्वतः ऑब्जेक्शन्स काढायला खाली येतात की फक्त फोनवर ओरडतात, हे तो एका वाक्यात सांगेल.

मुलाखतीत क्लायंटचं नाव फोडणं

छाप पाडायच्या नादात “त्या अमुक प्रमोटरच्या मॅटरमध्ये आम्ही आतून असं ठरवलं होतं” असं बोललात की संपलं. क्लायंटने वकिलाला सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली गोपनीय आहे, आणि समोरचा पार्टनर मनात म्हणणार, उद्या हा आमचंही असंच सांगेल. ज्या मॅटर्सची नावं बोर्डावर (कोर्टाच्या रोजच्या यादीत) आली आहेत तेवढीच सांगा आणि तुमचं काम काय होतं ते सांगा.

नव्या फर्मला विरोधी पक्षाची मॅटर्स मात्र जॉइन होण्याआधीच कळवा. तुम्ही ज्यात प्लीडिंग ड्राफ्ट केलंय त्यात उलट बाजूने उभं राहता येत नाही.

चूक होऊन गेलीये

मग लगेच राजीनामा देऊ नका. सहा महिने द्या आणि त्या काळात दर शुक्रवारी पार्टनरकडे एक ठोस काम मागा: “सोमवारच्या बोर्डावर १४ नंबरला आपलं मॅटर मुदतीसाठी आहे, काउन्सेल न ठेवता मी घेऊ का?” बरेच पार्टनर नाही म्हणत नाहीत, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं. शिवाय काउन्सेलची फी वाचते, हे क्लायंटला आवडतं. तीनदा विचारून तीनदा नकार आला, तर मग शोधाशोध सुरू करा.

निघताना फाइल्सचा हँडओव्हर लेखी द्या, पुढच्या तारखा आणि लिमिटेशनसकट (कायद्याने ठरलेल्या मुदतीसकट). आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम ३४ खाली निवाड्याला आव्हान देणाऱ्या अर्जाची तीन महिन्यांची मुदत, वर ३० दिवस, आणि तुमच्या नोटीस पिरियडमध्ये ती संपतेय हे कुणाला सांगायचं राहिलं, तर ती बातमी नव्या ऑफिसात तुमच्या आधी पोचते. जुन्या ड्राइव्हवरचे ड्राफ्ट पेन ड्राइव्हवर घेऊ नका. ते फर्मचे आणि क्लायंटचे असतात. तुमचं नाव असलेले आदेश मात्र आधीच डाउनलोड करून ठेवा. ते सार्वजनिक आहेत, आणि पुढच्या मुलाखतीत तेच दाखवायचे आहेत.