सिव्हिलला निघण्याच्या आदल्या रात्री

पोराच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलातल्या तपासणीचा दिवस ठरला की घरातले सगळे कागदांच्या मागे लागतात. कागद लागतातच, पण पिशवीत आधी एक वही ठेवा. पोराने मान कधी धरली, बसायला कधी लागला, पहिला शब्द कोणता, फिट कधी आली, हे आठवेल तसं तिच्यात लिहा. आजीला विचारा. ती 'पोळ्याला रांगत होता' असं सांगेल, आणि ते आपल्या अंदाजापेक्षा पक्कं असतं.

मागच्या पानावर आज तो स्वतःचं स्वतः काय करतो ते लिहा: गुंड्या लावतो का, संडासला सांगतो का, दुकानातून साखर आणून उरलेले पैसे परत आणतो का. बुद्धीच्या चाचणीसोबत आईला हेच विचारतात आणि तेही दिव्यांगतेच्या टक्केवारीत धरतात. तिथे आपल्याला लाज वाटते आणि आपण 'करतो सगळं' म्हणून मोकळे होतो. मीही तसंच केलं होतं. निम्म्या गुंड्या मी लावून देते, हे सांगायचंच राहिलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वेळी चाचणी घेणाऱ्या मॅडमनी माझ्या लेकाला विचारलं, "तुझं नाव काय?" तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला. त्यांनी दोनदा विचारलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुनं नाव काय शे रे भाऊ?" त्याने लगेच नाव सांगितलं, बहिणीचं सांगितलं, गोठ्यातल्या दोन्ही म्हशींचीही सांगितली. म्हणून खोलीत शिरल्या शिरल्या सांगा, 'घरी आम्ही अहिराणी बोलतो, प्रश्न त्या भाषेत विचारू द्या.' धडगाव, अक्कलकुव्याकडच्या घरात पावरी किंवा भिली बोलत असतील, तर दोन्ही भाषा येणारं माणूस सोबत न्या. प्रश्न न कळणं आणि उत्तर न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाचणीच्या कागदावर त्या एकसारख्याच दिसतात. अनोळखी जागी पोर गप्प बसत असेल, तर घरातले जेवतानाचे, खेळतानाचे एकेक मिनिटाचे व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा.

कागदांचं थोडक्यात सांगते. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज आधी ऑनलाइन भरायचा आणि त्याची पावती न्यायची. आधार, जन्मदाखला आणि रेशनकार्डावरचं नाव अक्षरान् अक्षर सारखं हवं. नसेल तर ते आधी दुरुस्त करा. मोबाईल नंबर सहसा न बदलणाऱ्या माणसाचा द्या. बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड आणि जुने रिपोर्ट असतील तर फार उपयोगी पडतात. झेरॉक्सचे तीन संच ठेवा.

सोबत दशम्या घ्या. त्या टिकतात, आणि रांग कधी संपेल ते कुणी सांगत नाही. उन्हाळा असेल तर पहिली एसटी धरा. फिटची गोळी तपासणीच्या दिवशीही वेळेवरच द्या.

प्रमाणपत्र 40 टक्के किंवा जास्त आलं, तर एसटीत 75 टक्के सवलत मिळते. 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने दिला आहे. संजय गांधी निराधार योजनेतल्या महिन्याच्या मदतीचा अर्ज तहसीलला करायचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून ते विचारा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा आहे, 1 लाखापर्यंतचा. आधीपासूनचा आजार म्हणून तो नाकारत नाहीत आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मला तो फार उशिरा कळला, तुम्ही पहिल्याच वर्षी काढा. आणि लहान वयातलं प्रमाणपत्र कायमचं नसतं, त्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पोर सतरा वर्षांचं झालं की एक वेगळी फाईल उघडा. अठरा पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान होतो आणि बँकेत, जमिनीच्या कागदावर आईबापाची सही आपोआप चालत नाही. निरामय ज्यांना मिळतो त्याच चार प्रकारांसाठी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. आमची ती फाईल आता तयार होते आहे. पालक म्हणून आम्ही दोघं आहोत, पण आमच्यानंतर कोण, हा प्रश्न उरतोच. कागदावर घालण्याआधी तो घरात विचारायला हवा, आणि ज्याला विचारायचं त्याच्यासमोर बसून. परवा रात्री जेवणं झाल्यावर थोरल्या लेकीला विचारलं. ती धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने विचार करायला दिवाळीपर्यंत वेळ मागितला, आणि आम्ही दिला.