टिन व्हिसलवर पट्टी बदलताना या चुका टाळा

पंचवटीत आमच्या भजनाला पेटी बहुतेक वेळा पांढरी पाचला, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला लागते. एक मुलगा नवी डी व्हिसल, म्हणजे डी सुराची सहा भोकांची धातूची उभी बासरी घेऊन आला. सहाही भोकं बंद करून त्याने सूर लावला, तो आला पांढरी दोनचा. "आपली पट्टी नाही ही," म्हणत त्याने व्हिसल पिशवीत टाकली. मला फार हळहळ वाटली, कारण पांढरी पाच त्याच्या हातातच होती.

व्हिसलवरचं अक्षर सहाही भोकं बंद असतानाचा सूर सांगतं. आपल्या बासरीची पट्टी मात्र वरची तीन भोकं बंद करून येणाऱ्या सावरून ठरते, सहाही झाकली की खालचा पंचम. डी व्हिसलवर तीन झाका, जी मिळतो, म्हणजेच पांढरी पाच. याच हिशोबाने सी व्हिसलवर पांढरी एक आणि पांढरी चार, तर ई फ्लॅटवर काळी दोन आणि काळी चार.

मग अडतं ते मध्यमापाशी. जीला सा धरला की सगळी भोकं उघडी ठेवल्यावर तीव्र मध्यम लागतो. यमनला तो आयताच मिळतो, पण अभंगात शुद्ध मध्यम हवा असतो. बासरीच्या सवयीने पहिलं भोक अर्धं झाकू नका, चालीने वेग घेतला की तो सूर दर वेळी वेगळा लागतो. पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तीन उघडी, एवढं पुरतं. पेटीशी ताडून पाहा, चढा वाटला तर खालचं एखादं भोक झाका.

एकाच डी व्हिसलवर सगळ्या पट्ट्या काढायचा हट्टही नको. पांढरी चारला सा आणि मध्यम दोन्हींसाठी कसरत करावी लागते, आणि सा डळमळला तर गाणाऱ्याने कशाचा आधार घ्यायचा? सरळ सी व्हिसल घ्या. त्यापेक्षा मूर्च्छनेचा सराव करा. डी व्हिसलवर तीच भोकं, तेच सूर, फक्त सा हलवायचा: ई धरला की काफी थाट, ए धरला की खमाज, बी धरला की आसावरी. मला स्वतःला हे वाद्य खरं आवडलं ते यामुळे.

राहिली थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गोदाघाटावर व्हिसल हमखास उतरते. नळीतली हवा 10 अंशांनी गार झाली की सूर साधारण 30 सेंट खाली येतो, अर्धस्वराचा जवळपास तिसरा हिस्सा. तो चढवायला जोरात फुंकू नका, सूर थेट वरच्या सप्तकात उडी मारतो. आधी शालीखाली धरून व्हिसल ऊबदार करा, मगच पेटीशी जुळवा. वाजवताना आवाज घोगरा झाला तर फुंकीच्या फटीत पाणी साचलेलं असतं. तोंडाजवळच्या चौकोनी खिडकीवर बोट ठेवून एकदा जोरात फुंका, ते निघून जातं.